होटगीचा मुरूम

ती टेबलाशी आली की आधी वाकायची. वाकायची म्हणजे थेट हनुवटी टेबलाच्या कडेवर टेकवायची, डावा डोळा गच्च मिटायची आणि उजव्या डोळ्यानं मॉडेलच्या आत बघत राहायची. मागून बघणाऱ्याला वाटावं, मुलीला चक्कर आली. सुरुवातीला मी खरंच पाण्याची बाटली घेऊन धावलो होतो. तिनं डोळा न उघडता मला हातानं बाजूला केलं आणि म्हणाली, "वरनं काय दिसतंय काका? वरनं निस्ती छपरं दिसत्यात. खाली या की."

मी खाली गेलो नाही. माझे गुडघे वाजतात, आणि वाजले की मला अपराधी वाटतं.

हे सोलापुरातलं, आमच्या विद्यापीठातल्या मॉडेल मेकिंगच्या वर्षभराच्या अभ्यासक्रमातलं. इमारत बांधायच्या आधी तिची छोटी प्रतिकृती करून काचेच्या पेटीत ठेवतात, बिल्डरच्या ऑफिसात तुम्ही बघितली असेल, ती करायला इथं शिकवतात. प्रवेशाला वयाची अट नव्हती. जाहिरात लिहिणाऱ्याच्या ते लक्षातून गेलं असावं, कारण मी गेलो तेव्हा वर्गातल्या पोरांच्या वडिलांपेक्षा मी मोठा होतो, आणि डोक्यावर एक केस नव्हता. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. घरात बसून पंख्याकडे बघायचो. बायको म्हणाली, पंखा बिचारा काय बोलणार, पण मला तुमच्याकडे बघवत नाही, कुठंतरी जा.

पहिल्या दिवशी दारावरच्या वॉचमननं मला बघितलं आणि सांगितलं, पालकांनी ऑफिसात बसायचं. मी ऑफिसात जाऊन बसलो. तुम्हाला हे विचित्र वाटेल. पण मी मुळात न बोलणारा माणूस. कुणी माझ्या पायावर पाय दिला तरी सॉरी मीच म्हणतो. मी विद्यार्थी आहे हे त्या वॉचमनला सांगून त्याला खोटं पाडावं, एवढं धाडस माझ्यात नव्हतं.

वर्ग सुरू होऊन बराच वेळ झाल्यावर ही आली. पाठीवर सॅक, सॅकमधून बाहेर आलेला सनबोर्डच्या पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा, आणि धापा टाकत. माझ्या हातातली स्टीलची पट्टी आणि कटर बघून थबकली.

"काका, तुमीपण मॉडेल मेकिंगच न्हवं? मग हितं काय करताय?"

मी म्हटलं, बसलोय.

तिनं मला उठवलं, वर्गात नेलं आणि दारातूनच सरांना सांगितलं, "सर, काकांची गाडी लेट होती."

मी गावातल्याच भवानी पेठेतून सायकलवर आलो होतो.

गाडी लेट हे तिचं ठरलेलं कारण. ती जवळच्या होटगीहून यायची. वडील रेल्वेत गँगमन. घरासमोर रूळ, दिवसभर दारावरून गाड्या जाणार, आणि तरीही हिला एक गाडी वेळेवर मिळायची नाही. आमचे सर शांत माणूस, पण एकदा म्हणाले, अगं, आज तर मी मोबाईलवर बघितलं, गाडी वेळेवर होती. ती जराही न डगमगता म्हणाली, "गाडी वेळेवर होती सर, मी लेट होते. पर मला सोडून गाडी कशी काय वेळेवर म्हनायची?" सरांनी मोबाईल खिशात ठेवला आणि तिची हजेरी लावली. 

सरांशी तिचं खरं भांडण माणसांवरून. आम्ही जे काम करायचो ते एकास शंभर या प्रमाणात. म्हणजे खरी वस्तू शंभरपट लहान करायची. त्यात माणूस बोटाच्या नखाएवढा होतो. सरांचा नियम असा की मॉडेलमधला माणूस म्हणजे फक्त माप. इमारत किती उंच आहे हे कळण्यासाठी पांढऱ्या रंगाचे पाचसहा जण उभे करायचे, हात खाली, चेहरा नाही, विषय संपला. हिला ते जमायचंच नाही. तांब्याची तार आणि पुट्टी घेऊन ती बसायची आणि त्या नखाएवढ्या माणसाला पोट आणायची, पाठीत वाक आणायची, गळ्यात पिशवी अडकवायची. एका दवाखान्याच्या मॉडेलमध्ये तिनं स्कूटरखाली वाकून किल्ली शोधणारा माणूस केला. सरांनी विचारलं, हा कोण? म्हणाली, "ह्याची बायको आत हाय सर. ह्येला आत जायचं न्हाय. म्हनून किल्ली शोधतोय. किल्ली खिशातच हाय."

 सर म्हणाले, ठीक आहे, पण स्कूटर जरा बाजूला घे, ॲम्ब्युलन्सची वाट अडतेय.

तीच स्कूटर एकदा झटपट गोंदानं तिच्या बोटाला चिकटली. निघता निघेना. गाडीची वेळ झाली, तशीच गेली बोटावर स्कूटर घेऊन. दुसऱ्या दिवशी सांगत होती, टीसीनं पास बघितला, बोट बघितलं आणि विचारलं, तुझा पास आहे, हिचं लगेज केलंस का? हे खरं घडलं की तिनं रचलं, मी विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नसतं.

माझा डबा ती खायची. रोज. स्वतःचा डबा ती गाडीतच संपवून यायची. माझी बायको शेंगांची चटणी करते, लालभडक, खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटेपर्यंत. ती चटणी मी आयुष्यभर खाल्ली, पण तिचं कौतुक करायचं कधी राहून गेलं ते कळलं नाही. ही पहिल्या घासाला म्हणाली, "काकूंना सांगा, लई जबरी." मी घरी जाऊन सांगितलं. बायकोनं माझ्याकडे जरा संशयानं बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून डब्यात चटणी दुप्पट.

मॉडेलच्या टेबलावर जेवायचं नाही हा सरांचा दुसरा नियम. ती टेबलावरच जेवायची. वर म्हणायची, भाकरी आपल्या स्केलला टिकलीएवढी झाली सर, टिकलीनं काय होतंय?

तिचं सगळंच असं एकास शंभर. माझा थर्माकोलचा सभामंडप झाला होता, त्यावर मी सोनेरी रंगाचा स्प्रे मारला. आता हे पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं असतं, की स्प्रेनं थर्माकोल विरघळतो. माझ्या डोळ्यांदेखत सभामंडप खाली बसला.  मी सॉरी म्हणालो. कुणाला म्हणालो, माहीत नाही, बहुतेक सभामंडपाला. ती आली, हनुवटी टेकवली, आत बघितलं. म्हणाली, काका, हे एकास शंभर करा की. एवढं मोठं दुःख, शंभरनं भागलं तर किती उरलं? चिमटीभर. मग चिमटीभरच रडा. आणि त्या भग्न मंडपात तिनं दोन माणसं ठेवली, एक वर बघणारा आणि एक खाली वाकून चप्पल शोधणारा. सरांनी मला पास केलं.

सरांच्या ओरडण्याला ती शंभरनं भागायची. उन्हाळ्याला भागायची, मग सोलापुरात स्वेटर घालावा लागेल असा हिशेब यायचा. एकच गोष्ट ती भागत नव्हती. अकलूज.

अकलूजला तिच्या मामाचं झेरॉक्सचं दुकान आहे. घरी असं ठरलं होतं की हौस म्हणून एक वर्ष हे कागद-पुठ्ठ्याचं शिकायचं, त्यातून नोकरी लागली तर बघू, नाहीतर मामाकडे जाऊन मशीनवर बसायचं. हे सांगताना ती हसत नसे. म्हणायची, "झेरॉक्समदी सगळं एकास एकच निघतंय काका. त्यात काय मजा?"

शेवटच्या परीक्षेचं काम जोडीनं करायचं होतं. तिच्या वाट्याला मी आलो, किंवा माझ्या वाट्याला ती. बाहेरून परीक्षक येऊन मॉडेल तपासतात, त्याला ज्युरी म्हणतात. सरांनी सांगितलं की यंदा परीक्षक म्हणून पुण्याहून एक बाई येणार आहेत, त्यांची स्वतःची मॉडेलची कार्यशाळा आहे, आणि त्या वर्गातून कुणातरी एकालाच कामाला नेणार आहेत. वर्गातल्या सगळ्यांनी खालच्या आवाजात गणित सुरू केलं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, पुणे नायतर अकलूज."

आम्ही होटगीचं स्टेशन केलं. तिचंच. फलाट, कडुनिंब, चहाची टपरी, आणि स्टेशनाबाहेरचं लाल मुरमाचं मोकळं आवार. इमारत आणि जमीन माझ्याकडे, माणसं तिच्याकडे. आवाराला खरा मुरूम का नाही वापरायचा, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. खरी माती मॉडेलमध्ये खोटी दिसते. तिचा खडा त्या मापाला दगडाएवढा होतो. म्हणून लाकडाचा भुसा बारीक चाळायचा, लाल रंगवायचा आणि गोंदावर भुरभुरायचा.

ज्युरीच्या आदल्या दुपारी भुसा संपला. भवानी पेठेतलाच आमच्या वर्गातला एक पोरगा, घरी कापडाचे माग असलेला, तो मागाच्या शेडची कौलं करत होता, त्याला माझ्याकडचा अर्धा भुसा मीच देऊन बसलो होतो. नाही म्हणता आलं नाही. आता स्टेशनाच्या दारासमोर, जिथं नजर पहिली जाणार तिथंच, तळहाताएवढा पांढरा बोर्ड उघडा. ती गाडीसाठी निघून गेलेली. नवा भुसा रंगवला तरी वाळायला रात्र जाणार, आणि तोवर ते उघडं पांढरं मला बघवेना. मी डब्याकडे बघितलं.

तुमच्या लक्षात आलं असेल.

रंग तोच. दाणा तोच. मी वर्गातल्या चहाच्या गाळणीतून ती चटणी चाळली, गोंदावर भुरभुरली, बोटानं हलकी थाप मारली. आणि खरं सांगतो, आयुष्यात माझ्या हातून इतकं चांगलं काम कधी झालं नव्हतं. सकाळी लवकर येऊन खरवडायची आणि भुसा टाकायचा, असं ठरवूनच मी घरी गेलो.

सकाळी ती माझ्या आधी आलेली. आयुष्यात पहिल्यांदा तिची गाडी वेळेवर. हनुवटी टेबलावर, डोळा मिटलेला. म्हणाली, काका, मुरूम लई झकास झालाय, कशाचा?

मी म्हटलं, भुसा.

का म्हटलं, ते मला सांगता यायचं नाही. तिनं एकदा श्वास ओढून घेतला, माझ्याकडे बघितलं आणि आपली माणसं ठेवायला लागली.

परीक्षक बाई साठीच्या, जाड चष्म्याच्या. आमच्या टेबलाशी येईपर्यंत ऊन वर आलं होतं आणि होटगीच्या आवारात तेल सुटलं होतं. सर म्हणाले, इथं पाऊस पडून गेल्यासारखं का दिसतंय? मी उत्तर द्यायच्या आत बाईंनी चष्मा वर केला. "हे काय हलतंय?"

खिडकीतून एक रांग आली होती. काळे मुंगळे. फलाटावरून उतरून, चहाच्या टपरीला वळसा घालून, अगदी शिस्तीत आवाराकडे चाललेले. कुठल्याच गाडीला इतके उतारू मी कधी बघितले नाहीत.

 मला एकदम अकलूजचं ते मशीन दिसलं, झाकण वरखाली होणारं, आणि त्याच्यापुढे ही. मी बोलायला तोंड उघडलं. टेबलाखाली तिनं माझ्या पायावर पाय दिला.

"वासरं हायत मॅडम," ती म्हणाली. "एकास शंभरला मुंगळा म्हंजे वासरू."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी डोळे मिटले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मनात हिशेब केला, तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसला, आणि मान हलवली. माप बरोबर होतं.

"खाली या की मॅडम," ती म्हणाली. "वरनं निस्ती छपरं दिसत्यात."

तुम्ही म्हणाल, परीक्षेला आलेल्या बाई कशाला वाकतील. बाई वाकल्या. पर्स सरांच्या हातात दिली, हनुवटी होटगीच्या कडेवर टेकवली, एक डोळा मिटला.  बाई आत बघत राहिल्या. मध्येच एकदा त्यांचे खांदे हलले, तेव्हा आम्हाला कळलं की किल्ली शोधणारा माणूस त्यांना सापडला. तो तिनं दवाखान्यातून इकडे आणला होता. आता तो मेहुण्याला घ्यायला स्टेशनावर आला होता आणि त्याला आत जायचं नव्हतं.

बाई उठल्या. त्यांच्या हनुवटीला लाल लागलं होतं. त्यांनी बोटानं पुसलं, बोटाकडे बघितलं आणि जिभेला लावलं.

"शेंगांची चटणी," बाई म्हणाल्या.

सरांनी पर्स छातीशी धरली. "कुणी केलं हे?"

मी पुन्हा तोंड उघडलं. पण ती माझ्यापेक्षा कायमच लवकर बोलायची, तेवढ्या एकाच बाबतीत ती वेळेवर होती.

"मी सर. जेवताना सांडली."

सगळ्यांनी विश्वास ठेवला. टेबलावर जेवणारी तीच. माझा पाय अजून तिच्या पायाखाली होता, आणि मला सवयीनं सॉरी म्हणावंसं वाटत होतं.

"सांडलेली नाही ही," बाई म्हणाल्या. "चाळून टाकलीय. वर थापही मारलीय. खोटं कशाला बोलतेस?" मग आवाराकडे बघत म्हणाल्या, "चटणी वापरायची नसते. तेल सुटतं, ही असली वासरं येतात. पण रंग बरोबर आहे, दाणा बरोबर आहे. माझ्याकडची पोरं रंगाचं सामान कुरिअरनं यायची वाट बघत बसतात. तुला डब्यात मुरूम दिसला." पर्स परत घेताना त्या म्हणाल्या, "पुण्याला ये. डबा लांब ठेवायचा."

अशी ती पुण्याला गेली.

आता हा किस्सा मी पुष्कळदा सांगितलाय. लग्नात, बारशात, बँकेतल्या जुन्या लोकांत. चटणी माझी होती हेही सांगतो, लोक हसतात, मीही हसतो. पण एक गोष्ट सांगत नाही, आणि ती सांगायलाच आज बसलोय.

बाई तिला म्हणाल्या ना, तुला मुरूम दिसला, तेव्हा मला काहीतरी बोचलं. आधी मला वाटलं तो माझा नेहमीचा अपराधीपणा आहे. तो नव्हता. ती जळजळ होती. तो मुरूम माझा होता. आयुष्यात एकदा कुणीतरी माझ्या हाताला चांगलं म्हणालं, आणि ते तिच्या नावावर गेलं. पोरीचं अकलूज टळलं, पोरं टाळ्या वाजवतायत, ती रडतेय आणि हसतेय, आणि मी, सगळ्या वर्गाचा काका, मनातल्या मनात म्हणतोय, थाप मी मारली होती.

बाईंनी तिला तिच्या माणसांसाठी नेलं की माझ्या चटणीसाठी, हे मला अजून माहीत नाही. मी विचारलं असतं तर कदाचित तिची नोकरी गेली असती. म्हणून मी गप्प राहिलो, असं मी स्वतःला सांगतो. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं की मला उत्तराची भीती वाटत होती.

ती जायच्या आधी आम्ही कँटीनमध्ये चहा प्यायलो. मी सांगून टाकलं, ती चटणी मी टाकली होती.

"म्हाईत हाय की," ती म्हणाली. "सकाळीच वास आला. काकूंची चटणी मला कळंना व्हय?"

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस?

"तुमी भुसा म्हनला. म्हटलं, आसंल भुसा."

आणि नंतर माझ्या पायावर पाय का दिलास?

ती चहा फुंकत म्हणाली, "तुमी बोलला असता तर बाईंनी तुमालाच न्हेलं असतं. मग मी बसले असते झेरॉक्स काढत. आणि काकूंना पुण्यात करमलं असतं का?"

हे ती गमतीनं म्हणाली की नाही, मला कळलं नाही. माझा चेहरा कसातरी झाला असणार, कारण तिनं चहा खाली ठेवला आणि म्हणाली, "एकास शंभर करा की काका."

जळजळीचं मी तिला सांगितलं नाही. तिला ते न सांगताच कळलं, असं मला वाटतं.

आता ती पुण्यात असते. मी अजून विद्यापीठात जातो. नव्या पोरांना बोर्ड कापायला मदत करतो, सरांनी येऊ नका म्हटलेलं नाही. होटगी स्टेशन वर्गातल्या काचेच्या कपाटात आहे. मी ती चटणी खरवडून तिथं भुसा टाकलाय. चांगला टाकलाय, पण तसा नाही झाला.

एकदा दुपारी वर्गात कुणी नव्हतं. मी कपाट उघडलं, गुडघे वाजवत खाली गेलो, हनुवटी फळीवर टेकवली, डावा डोळा मिटला.

वरून जे कधीच दिसलं नव्हतं ते दिसलं. कडुनिंबामागच्या बाकावर एक म्हातारा होत चाललेला माणूस बसलाय. डोक्यावर केस नाहीत. मांडीवर मोहरीएवढा डबा, उघडा, आत टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका. आणि त्याच्या हाताशी एक वासरू उभं आहे, तांबड्या-पांढऱ्या रंगाचं, सहा पायांचं. ज्युरीच्या दिवशी तो बाक रिकामा होता, मी शपथेवर सांगतो. जाण्याआधी कधीतरी तिनं हे सगळं तिथं ठेवून दिलं होतं.

मी हसलो. मग तिला शोधायला लागलो. तिनं सगळ्यांना केलं होतं, किल्लीवाल्याला, टपरीवाल्याला, फलाटावर उभ्या वडलांना. सरसुद्धा होते, पर्स छातीशी धरून. मी फळीच्या या कडेवरून त्या कडेवर हनुवटी सरकवली. फलाटावर बघितलं, दारात बघितलं, झाडामागं बघितलं. ती कुठंच नव्हती.

मागून वॉचमनचा आवाज आला. काका, काय हरवलं का?

मी म्हटलं, काही नाही. गाडी लेट आहे.